‘या’ म्हणायचं राहिलं

मी नवऱ्याला ‘जा’ म्हणाले. तोंडावर, उंबऱ्यात, बॅग घेऊन निघालेल्या माणसाला. यात एवढं काय, असं इथल्या कुणालाही वाटेल. खाली राहणारे आमचे घरमालक रोज सकाळी स्कूटर काढताना ‘जा रहा हूँ’ ओरडतात, त्यांची बायको ‘जाओ जी’ म्हणते, आणि ते संध्याकाळी धडधाकट परत येतात. आमच्यात तसं नाही. आमच्यात निघणारा ‘येतो’ म्हणतो आणि घरातला ‘या’ म्हणतो. माझी आई सांगलीला दारावरच्या भाजीवालीलासुद्धा ‘ये गं’ म्हणायची, मग भले तिनं किडकी वांगी दिलेली असोत. आमची मुलगी जयपूरच्या शाळेत जायला लागली तेव्हा दप्तर अडकवून ‘आई, मी जाते!’ म्हणायची आणि मी तिला अर्ध्या जिन्यातून वर बोलवायचे. जाते नाही, येते म्हण. आधी म्हण. खाली स्कूलबसचा हॉर्न वाजत असायचा, ती रडकुंडीला यायची, पण ‘येते’ म्हणवून घेतल्याशिवाय मी तिला कधी सोडलं नाही.

तर अशी मी, आणि मी ‘जा’ म्हणाले. खरं सांगायचं तर ‘जा एकदाचे’ म्हणाले.

राग कशाचा तेही सांगते. आमचे हे विमा कंपनीत अधिकारी. अठरा वर्षांपूर्वी बदली होऊन जयपूरला आलो तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. मग इथंच रमलो. विद्याधर नगरात वरचा मजला भाड्यानं घेतला, मला एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली, आणि दोन-तीन वर्षांसाठी आलेली माणसं इथलीच होऊन गेली. अडीच वर्षांपूर्वी राजा पार्कच्या बाजारात आम्ही पडद्यांचं कापड बघत होतो. मी दोन हिरव्यांतला कुठला घ्यावा म्हणून दुकानदाराशी वाद घालत होते आणि हे शांतपणे म्हणाले, ‘मी जरा बसतो गं.’ मी वळूनही बघितलं नाही. ‘बसा की,’ म्हणाले. वळले तेव्हा ते स्टुलावर वाकून बसले होते, तोंड पांढरंफटक, आणि जानेवारीच्या थंडीत कपाळावरून घाम निथळत होता. पुढचं सगळं झटपट झालं. दुकानदाराची गाडी, इस्पितळ, एक स्टेंट. वाचले. पण त्या दिवसापासून हे ‘मी जरा बसतो’ म्हणाले की माझ्या काळजात धस्स होतं, मग भले ते टीव्हीसमोर बसत असोत.

वर्षभरानं डॉक्टर म्हणाले, ‘भाई साहब, दौड़िए, पर भागिए मत।’ ह्यांनी त्यातलं ‘दौड़िए’ तेवढं घरी आणलं. आधी चालणं, मग हळूहळू पळणं, मग दहा किलोमीटर, मग एकवीस. पहाटे साडेचारला उठून सेक्टरच्या रस्त्यांवरून नारिंगी बूट घालून हा माणूस पळायचा आणि मी अंथरुणात डोळे टक्क उघडे ठेवून गेटची कडी वाजायची वाट बघायचे. तक्रार तरी काय करणार? वजन उतरलं होतं, तपासण्या चांगल्या होत्या, डॉक्टर खूश होते. सगळे खूश होते. मी एकटी भीत होते आणि भीती सांगता येत नाही म्हणून भांडत होते.

मग मुलगी शिकायला जर्मनीला गेली आणि तिनं तिथल्या एका मोठ्या शहराच्या मॅरेथॉनमध्ये बापाचं नाव घातलं. सोडतीत नंबरही लागला. बेचाळीस किलोमीटर! इथून निघालेला माणूस चौमू गावाच्याही पुढे जाईल एवढं अंतर. तिथं बसनं जायचं तरी मी पाण्याच्या दोन बाटल्या घेते. ‘तूही चल, पोरीला भेटणं होईल,’ असं हे दहादा म्हणाले. मी म्हणाले, सहामाही परीक्षा आहे, रजा मिळणार नाही. खोटं होतं ते. मी रजा मागितलीच नव्हती. ते कुठंतरी रस्त्यात कोसळणार आणि मी लोखंडी कठड्याच्या अलीकडून बघत राहणार, एवढंच मला दिसत होतं. ते मला बघायचं नव्हतं.

निघायच्या सकाळी टॅक्सी खाली उभी होती. आदल्या रात्रीचं भांडण ओट्यावरच्या भांड्यांसारखं तसंच पडलेलं. हे नारिंगी बूट पायात घालून दारात उभे राहिले आणि म्हणाले, ‘येतो गं.’ मी कणीक मळत होते. मान वर न करता म्हणाले, ‘जा एकदाचे.’ ते दोन क्षण थांबले. मला ते थांबणं कळलं, अजून कळतं. मग जिन्यावर बुटांचा आवाज झाला आणि टॅक्सीचं दार लागलं. मी कणकेच्या हातानं बाल्कनीत धावले, तर टॅक्सी कोपऱ्यावर वळली होती.

नंतर फोनवर म्हणता आलं नसतं का? आलं असतं. विमानतळावरून त्यांचा फोन आला, तेव्हा आम्ही गॅसच्या नंबराबद्दल बोललो. तिथं पोचल्यावर रोज बोललो, हवेबद्दल, पोरीच्या खोलीबद्दल, ती कसला पास्ता करून घालते त्याबद्दल. दर वेळी शब्द माझ्या जिभेवर यायचा आणि मी म्हणायचे, ‘बरं, ठेवते.’ नाकावरचा राग उतरला होता, पण अहंकार काही उतरेना. आणि आठवडाभरानं, काही कारण नसताना, फोनवर एकदम ‘या’ म्हणायचं म्हणजे आपण घाबरलोय हे कबूल करायचं.

शर्यत रविवारी होती, आणि तीही पितृपंधरवड्यात. मी मुलांना ग्रहण म्हणजे सावल्यांचा खेळ असं शिकवणारी बाई, पण त्या दिवशी कावळा बाल्कनीच्या कठड्यावर येऊन बसला तर मी त्याला पोळीचा तुकडा घातला आणि हात जोडले. कुणी बघितलं नाही ना म्हणून मागे वळून पाहिलं ते वेगळंच.

मुलीनं माझ्या फोनवर एक ॲप घालून दिलं होतं. त्यात ह्यांचा शर्यतीतला नंबर टाकला की नकाशावर एक निळा ठिपका पळताना दिसायचा. रस्त्यात दर पाच किलोमीटरवर पट्टी असते, धावणारा त्यावरून गेला की वेळ नोंदली जाते. मी मुलीला बजावून ठेवलं होतं, शेवट झाल्याबरोबर मला लिही. आणि मराठीत लिही. हा आमच्या घरातला जुना तंटा. पोरीची मराठी म्हणजे हिंदीच्या कपाटात कोंबलेले मराठी कपडे. लहानपणी सांगलीला आजोबांनी पाढे म्हणायला सांगितले तर ही म्हणाली, ‘आजोबा, मी चेष्टा करते आहे.’ तिला म्हणायचं होतं, प्रयत्न करते आहे. आजोबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून मी हात धुऊन मागे लागले. घरच्या ग्रुपवर इंग्रजी नाही, रोमन लिपी नाही, आणि ती हसणारी-नाचणारी चित्रंही नाहीत. जे काही असेल ते शब्दांत लिहायचं. ‘मतलब’ लिहिलंस तर फोन ठेवून देईन, असंही मी म्हणाले होते.

आपल्या दुपारी पाऊण वाजता ते निघाले. पहिली पट्टी चाळीस मिनिटांत. दुसरी चाळीस. मी तपासायला आणलेले सहामाहीचे पेपर पुढ्यात घेऊन बसले होते, आणि एका मुलाच्या उत्तरपत्रिकेच्या मागे ह्यांच्या वेळा लिहीत होते. एकवीस झाले तेव्हा जरा बरं वाटलं, हे अंतर त्यांनी आधी केलेलं होतं. त्याच्या पुढचं सगळं नवं. पंचविसाला त्रेचाळीस मिनिटं लागली. तिसाला पंचेचाळीस. मला घास गिळवेना म्हणून जेवणाचं ताट झाकून ठेवलं होतं. पस्तिसाची वेळ आली तेव्हा सहा वाजत आले होते. बाहेर कबुतरं परतत होती आणि मी दिवा लावायचं विसरून फोनच्या उजेडात बसले होते.

चाळिसाची पट्टी जवळ आली आणि ठिपका थांबला.

मी बोटानं स्क्रीन खाली ओढली. थांबलेलाच. फोन बंद केला, चालू केला. ठिपका तिथंच, एका चौकाच्या अलीकडे, बाजूला एक झाड काढलेलं होतं. साडेसहा झाले. पावणेसात झाले. मुलीला फोन लावला, लागेना. ह्यांचा फोन मुलीच्या पिशवीत होता हे मला माहीत होतं, तरी लावला, तोही लागेना. सात वाजले. मी स्वतःशी मोठ्यानं बोलायला लागले. मी जरा बसतो म्हणाले असतील. कुणाला म्हणाले असतील? तिथं कुणाला कळणार? परक्या देशात, परक्या भाषेत, झाडाखाली एक माणूस बसतो आणि त्याला ‘काय होतंय हो?’ म्हणून विचारणारंही कुणी नाही. आणि विचारणारी जी होती ती कणीक मळत होती.

देवापुढे गेले आणि काय मागावं तेच सुचेना. एवढंच म्हणाले, तो शब्द मी परत घेते. मी रागीट आहे, वाईट नाही. परत घेते.

सात वाजून दहा मिनिटांनी फोन थरथरला. मुलीचा मेसेज होता. नीट, शुद्ध, देवनागरीत, पूर्णविरामासकट.

‘आई, बाबा संपले.’

पुढचं मला सलग आठवत नाही. झाकलेलं ताट माझा धक्का लागून खाली पडलं, त्याचा आवाज आठवतो. फरशीचा गारवा आठवतो, म्हणजे मी खाली बसले असणार. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, मीच पाठवलं, मीच जा म्हणाले, मीच पाठवलं. मुलीला फोन लावला तर बंद. पुन्हा लावला, बंद. माझी पोर तिथं एकटी बापाशेजारी उभी आहे आणि तिनं हे तीन शब्द मला मराठीत लिहिलेत, कारण मी तसं बजावलं होतं. एवढ्या प्रसंगातही तिनं माझी आज्ञा पाळली, याचंच मला रडू आलं.

ताटाचा आवाज ऐकून घरमालकीणबाई वर आल्या. आम्ही दोघी एकमेकींना भाभीजीच म्हणतो. दार उघडंच होतं. त्यांनी दिवा लावला, मला बघितलं आणि त्यांच्याही तोंडचं पाणी पळालं. ‘क्या हुआ भाभीजी? भाई साहब ठीक हैं?’ मी फोन त्यांच्या हातात दिला. लिपी तीच, त्यामुळे त्यांनी वाचलं. ओठ हलवत, एक-एक अक्षर लावत वाचलं. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

‘संपले… मतलब संपन्न? संपन्न कर लिया भाई साहब ने? अरे वाह!’

इतका संताप मला आयुष्यात कधी आला नसेल. ‘भाभीजी, आपको मराठी नहीं आती!’ मी ओरडले. ‘संपले मतलब खत्म। आदमी खत्म। समझीं आप?’

त्या दचकून मागे सरल्या. पण गेल्या नाहीत. माझ्या शेजारी फरशीवर, सांडलेल्या वरणापासून जरा दूर, मांडी घालून बसल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘पर बच्ची ऐसे थोड़े ही लिखेगी। वो तो फोन करके रोएगी ना।’

ते वाक्य डोक्यात घुसलं. खरंच, ती कुत्र्याचं पिल्लू मेलं तेव्हा शाळेतून फोन करून रडली होती. तिला सर्दी झाली तरी ती फोन करते. मग आता का नाही? मला मराठी येते, हिला येत नाही. माझं खरं असलं तर माझं सगळं संपलं. हिचं खरं असलं तर… मी आयुष्यात पहिल्यांदा देवाला म्हणाले, माझी मराठी चुकू दे.

दहा मिनिटं गेली असतील, किंवा पंधरा. फोन वाजला. अनोळखी नंबर, परदेशातला. इस्पितळाचा, दुसरं काय असणार! मी फोनकडे बघत राहिले, हात पुढे जाईना. भाभीजींनीच हिरवं बटण दाबलं आणि फोन माझ्या कानाला लावला.

‘आई! माझ्या फोनची बॅटरी संपली, बाबांचाही बंद पडलाय! एका काकूंचा फोन घेतलाय. तुला मेसेज मिळाला ना? बाबांनी केलं! पूर्ण केलं!’

‘कुठायत?’ एवढाच शब्द निघाला.

‘इथंच, माझ्या जवळ. केळं खातायत. आई? आई, तू रडतेस का?’

मी रडत होते, ओरडत होते, तिला शिव्याही देत होते. ‘संपले? असं लिहितात? माणसाबद्दल?’ ती पार गोंधळली. ‘आई, मतलब… परीक्षा संपली म्हणतेस ना तू? शाळा संपली, दूध संपलं. तर रेस संपली, म्हणून बाबा संपले. इंग्लिशमध्ये ‘फिनिश्ड’ असंच म्हणतात. तूच म्हणालीस मराठीत लिही.’ आणि मग तिला कळलं. ‘आई, तुला वाटलं की…’ एवढं म्हणून तीही रडायला लागली. फोन देणाऱ्या त्या परक्या काकूंना काय वाटलं असेल देव जाणे. ‘मग काय लिहायचं होतं?’ तिनं रडत विचारलं. मी म्हणाले, ‘पोचले म्हणायचं, बाळा. बाबा पोचले.’

मग ह्यांचा आवाज आला. बसलेला, दमलेला, पण त्यांचाच. अडतिसाव्या किलोमीटरला पोटरीत गोळा आला म्हणे, पाऊल टाकवेना. एका झाडाखाली कठड्यावर बसून राहिले. नंतर उठून चालत निघाले, तर मागून येणाऱ्यांना अडथळा नको म्हणून रस्ता सोडून फुटपाथवरून चालले. पट्टी रस्त्यावर राहिली, म्हणून ठिपका अडकला. आयुष्यभर लोकांना वाट देत कडेनं चालणारा माणूस, तिथंही तेच केलं! मी म्हणाले, ‘तुमच्या पोटरीत गोळा आला आणि इकडे माझा जीव जायची वेळ आली.’

ते हसले नाहीत. म्हणाले, ‘त्या झाडाखाली बसलो ना, तेव्हा मीही घाबरलो होतो गं. छातीत काही नव्हतं. पण एकच डोक्यात, निघताना तू या म्हणाली नव्हतीस.’

म्हणजे त्यांनीही ते बरोबर नेलं होतं. टॅक्सीत, विमानात, पोरीच्या खोलीत, आणि अडतीस किलोमीटर. आणि रोज फोनवर माझ्याशी पास्त्याबद्दल बोलत होते.

भाभीजी माझ्या पाठीवर हात फिरवत विचारत होत्या, ‘ठीक हैं ना? ठीक हैं ना?’ मी मान हलवली. फोनवर ह्यांनी घसा साफ केला.

‘येतो गं,’ ते म्हणाले. तिकीट पुढच्या शनिवारचं होतं.

‘या,’ मी म्हणाले. मग ऐकू गेलं नसेल तर, म्हणून पुन्हा म्हणाले, ‘या.’